वेगवान बोटीचा पंखा निवडताना
(उद्योग-व्यापार / पिशोर, ता. कन्नड)

पिशोरच्या बाजारात आल्याचा आणि मक्याचा भाव विचारायला आलेल्या माणसाने बोटीच्या पंख्याविषयी वाचून काय करावे, असा प्रश्न काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे पाणी म्हणजे अंजना नदी आणि अंजना-पळशीचा तलाव. समुद्र पाहायचा तर औट्रम घाट उतरून किंवा नाशिकमार्गे मुंबई गाठावी लागते. पण आपल्या तालुक्यातील जी मुले आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक, फिटर किंवा टर्नर होतात, ती सगळीच वाळूजच्या कारखान्यात राहत नाहीत. कोणी मुंबईला जातो, कोणी आखातात जातो. तिथल्या बंदरांत वेगवान बोटींची दुरुस्ती हा मोठा धंदा आहे. इकडे राज्यात धरणांच्या पाण्यावर जलपर्यटनाची चर्चा वाढत चालली आहे. दोन-चार मित्र मिळून भांडवल उभे करावे आणि प्रवासी फिरवणारी बोट घ्यावी, असा विचार करणारे तरुणही भेटतात.

अशा बोटीत सर्वात महाग वस्तू इंजिन. त्याची किंमत लाखांत जाते. पंख्याची किंमत त्या मानाने हजारांत. म्हणून इंजिन घेताना माणूस दहा जणांना विचारतो आणि पंखा मात्र विक्रेत्याने जो लावून दिला तो मुकाट्याने चालवतो. वास्तविक ते इंजिन पाच वर्षे चालणार की दुसऱ्याच मोसमात खोलावे लागणार, हे पुष्कळ अंशी पंख्यावर ठरते.

कोकणच्या किनाऱ्यावर प्रोपेलरला सरळ पंखाच म्हणतात, आपणही तोच शब्द वापरू. पंख्याच्या बोंडावर किंवा पात्यावर दोन आकडे कोरलेले असतात, जसे १४ × १९. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पीचचा, दोन्ही इंचांत. व्यास म्हणजे पंख्याची पाती फिरून जे वर्तुळ होते त्याची रुंदी. ती डोळ्यांना दिसते. पीच डोळ्यांना दिसत नाही, आणि घोळ तिथेच होतो.

टर्नरला मात्र हा शब्द नवा नाही. लेथवर आटे पाडताना तो पीच मोजतोच. स्क्रू एक फेरा फिरला की लाकडात जितका आत जातो तितका त्याचा पीच. बोटीचा पंखाही मुळात स्क्रूच आहे. जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्याला स्क्रू असेच म्हणत. १८३६ साली फ्रान्सिस पेटिट स्मिथ आणि जॉन एरिक्सन या दोघांनी अशा स्क्रूची वेगवेगळी पेटंटे घेतली. १८४५ मध्ये ब्रिटिश नौदलाने 'रॅटलर' हे स्क्रूचे जहाज आणि 'अलेक्टो' हे बाजूला चाके असलेले जहाज पाठीला पाठ लावून दोरखंडाने बांधले व रस्सीखेच लावली. रॅटलरने अलेक्टोला उलटे ओढत नेले. तेव्हापासून चाकांचा जमाना उतरणीला लागला.

तर १९ पीचचा पंखा म्हणजे एका फेऱ्यात १९ इंच पुढे जाणारा पंखा. अर्थात पाणी लाकूड नव्हे, ते मागे सरकते. त्यामुळे बोट पूर्ण १९ इंच जात नाही, थोडे कमी जाते. या तुटीला स्लिप म्हणतात. हलक्या, वेगाने पाण्यावर चढून धावणाऱ्या बोटीत ती साधारण दहा-पंधरा टक्के असते. जड, रुंद बोटीत याहून पुष्कळ जास्त. स्लिप म्हणजे बिघाड नव्हे. थोडी स्लिप नसेल तर पाण्याला रेटाच मिळणार नाही.

हिशेब कोणालाही जमेल असा आहे. समजा इंजिन मिनिटाला ५६०० फेरे घेते आणि खालच्या गिअरमध्ये दोनास एक असे प्रमाण आहे. म्हणजे पंख्याचे फेरे २८००. पंखा १८ पीचचा. २८०० गुणिले १८ म्हणजे ५०,४०० इंच, म्हणजे मिनिटाला ४,२०० फूट. तासाचा वेग निघतो सुमारे ७७ किलोमीटर. त्यातून बारा टक्के स्लिप वजा केली की ६७-६८ उरतात. दर्यावर्दी भाषेत साडेछत्तीस नॉट. आता कोणी विक्रेता याच इंजिनावर याच पंख्याने नव्वदचा वेग सांगत असेल तर त्याला कागद-पेन्सिल द्यावी.

मग वेग वाढवायला जास्त पीचचा पंखा लावला की झाले, असे वाटेल. इथेच बहुतेक जण फसतात. औट्रम घाटात कांद्याने भरलेला ट्रक टॉप गिअरमध्ये चढवायचा प्रयत्न कोणता ड्रायव्हर करील? इंजिन गुरगुरेल, धूर सोडेल, गाडी रडतखडत चढेल आणि पिस्टनवर नको तितका दाब येईल. बोटीला असा बदलता गिअर नसतो. तिचा गिअर म्हणजे पंख्याचा पीच. पीच जास्त म्हणजे वरचा गिअर, पीच कमी म्हणजे खालचा गिअर. कारखान्यातून निघालेली बोट एकाच गिअरमध्ये आयुष्यभर चालणार आहे. तो गिअर कोणता, हे तुम्ही पंखा घेताना ठरवता.

जास्त पीचच्या पंख्याने इंजिन दबून चालते. थ्रॉटल पूर्ण उघडले तरी फेरे वर जात नाहीत. इंधन जाते, उष्णता वाढते, पिस्टन आणि बेअरिंग झिजतात. वाईट म्हणजे हे नुकसान आवाज करत नाही. उलट दबलेले इंजिन कमी फेऱ्यांवर शांत वाटते आणि मालक खूश होतो. कमी पीचचा पंखा याच्या उलट. बोट चटकन उचलते, पण पुढे इंजिन ओरडू लागते, फेरे मर्यादेबाहेर जातात. आताच्या इंजिनांत मर्यादा ओलांडली की संगणकच इंजिन आवरतो. जुन्या इंजिनांत तोही राखणदार नव्हता. विहिरीवर चुकीच्या हेडचा पंप बसवल्याने मोटार जळाली, हे आपल्या भागातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. मोटार वाईट नव्हती, जोडणी वाईट होती.

म्हणून योग्य पीच कोणता याचे उत्तर वेगात नाही, इंजिनाच्या फेऱ्यांत आहे. प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात थ्रॉटल पूर्ण उघडले असता फेरे किती ते किती असावेत, हे दिलेले असते. मोठ्या फोर-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिनांत तो पट्टा पुष्कळदा ५००० ते ६००० असतो. काहींचा थोडा वर किंवा खाली, म्हणून आपल्याच इंजिनाचे पुस्तक पाहावे. बोट नेहमीच्या वजनासह सरळ, संथ पाण्यात पूर्ण थ्रॉटलवर चालवावी आणि मीटर वाचावा. फेरे त्या पट्ट्याच्या वरच्या भागात आले पाहिजेत. कमी आले तर पीच उतरवावा, जास्त आले तर चढवावा. एक इंच पीच बदलला की फेरे साधारण १५० ते २०० ने बदलतात, हा कारागिरांचा जुना आडाखा आहे आणि तो बहुधा खरा ठरतो. वेग पाहण्यासाठी डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नये, मोबाईलमधील जीपीएस बरा. वारा आणि प्रवाह एकमेकांत फिटावेत म्हणून जाऊन-येऊन दोन्ही दिशांनी मोजावे.

'नेहमीच्या वजनासह' हे शब्द आम्ही मुद्दाम लिहिले आहेत. विक्रीच्या दिवशी बोटीत कोण असते? विक्रेत्याचा माणूस आणि तुम्ही. टाकीत जेमतेम पेट्रोल. १९ पीचचा पंखा लावलेला. बोट बाणासारखी सुटते, मीटर ५७०० दाखवतो, सौदा होतो. पुढच्या रविवारी त्याच बोटीत आठ प्रवासी, भरलेली टाकी, लाईफ जॅकेटे, पाण्याचा कॅन. मीटर ४७०० च्या पुढे सरकत नाही. नाक वर करून बोट पाणी ढकलत राहते, पाण्यावर चढायलाच तयार होत नाही. आता या मालकाला हवे आहेत निदान ५५०० फेरे. म्हणजे आठशेची तूट, म्हणजे चार ते पाच इंच. त्याला १५ पीचचा पंखा हवा होता. त्या पंख्याने रिकाम्या बोटीचा सर्वोच्च वेग घटेल, ही गोष्ट खरी. पण रिकामी बोट पळवून कोणाचे घर चालते?

विक्रेत्याने रिकाम्या बोटीची चाचणी दाखवून भरलेल्या बोटीच्या मालकाला पंखा विकणे, हे आमच्या मते मापात मारण्यासारखेच आहे. ज्या सूरहचे नावच मापात घट करणाऱ्यांवरून पडले आहे, ती तराजू धरणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. आरपीएमचा मीटर हाही एक तराजूच आहे. आपल्यातला जो तरुण या धंद्यात विक्रेता होईल, त्याने गिऱ्हाईकाला पहिला प्रश्न विचारावा: बोटीत रोज किती माणसे बसणार?

शर्यतीच्या बोटीचा हिशेब यापेक्षा निराळा. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोरच्या पाण्यात पी-वन पॉवरबोटच्या शर्यती झाल्या. त्या बोटींमध्ये दोन माणसे, ठरलेले इंजिन, ठरलेला मार्ग. तिथे वजन रोज तेच, म्हणून पीच इंजिनाच्या पट्ट्याच्या अगदी टोकाला नेऊन ठेवता येतो. मार्गात वळणे जास्त असतील तर पीच जरा कमी करून वळणातून लवकर निघणे फायद्याचे, लांब सरळ टप्पे असतील तर जास्त पीच. अशा बोटींचे पंखे स्टेनलेस स्टीलचे असतात. पाती पातळ, न वाकणारी, कडेला किंचित वळवलेली. या वळवण्याला कपिंग म्हणतात. त्यामुळे पाते पाणी घट्ट धरते, बोटीचे नाक वर उचलले तरी पंखा हवा घेत नाही. कपिंग केल्यावर फेरे दीडशे-दोनशेने उतरतात, म्हणजे जणू पीच एक इंचाने वाढला. नुसता कोरलेला आकडा पाहून दोन कंपन्यांचे पंखे सारखे मानू नयेत, ते याचसाठी.

स्टेनलेस स्टीलचे कौतुक ऐकून प्रत्येकाने ते घ्यावे असे मात्र नाही. नाथसागराचे उदाहरण घेऊ. जायकवाडीचे पाणी पसरट आणि उथळ. उन्हाळ्यात पातळी उतरली की खाली बुडालेल्या गावांचे दगड-धोंडे जवळ येतात. ॲल्युमिनियमचा पंखा दगडावर आपटला तर पाते वाकते किंवा तुटते आणि खर्च पंख्यापुरता राहतो. स्टीलचे पाते सहजी वाकत नाही, तो धक्का शाफ्ट आणि गिअरपर्यंत जातो. पंख्याच्या बोंडात रबराची बुश असते ती धक्का झेलण्यासाठीच, पण तिच्याही ताकदीला सीमा आहे. अशा पाण्यात ॲल्युमिनियम वापरावे आणि एक जादा पंखा, नट, पिन आणि पाना बोटीत ठेवावा.

जायकवाडीची आणखी एक गोष्ट आहे. धरणाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट. उंचीवर हवा विरळ होते आणि साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्के घटते. म्हणजे मांडव्याच्या किनाऱ्यावर जी बोट १७ पीचवर नेमकी चालते, ती इथे आणली तर चार-साडेचार टक्के ताकद आधीच गेलेली. त्यावर मराठवाड्याचा मे महिना. तापलेल्या हवेनेही ताकद उतरते. एखादा इंच पीच कमी करावा लागतो. मुंबईच्या माणसाने 'आमच्याकडे हाच चालतो' असे सांगितले तरी इथे पुन्हा मोजून घ्यावे. कोयनेचे पाणी तर याहून उंचावर आहे.

अर्थात नाथसागर हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे वाटेल त्याने वेगवान बोट उतरवायची नसते. वन विभाग आणि पाटबंधारे खात्याच्या परवानगीशिवाय पैसे गुंतवले तर ते पाण्यातच गेले समजा. शिवाय अंतर्गत जलवाहनांचा २०२१ चा कायदा आहे. त्याप्रमाणे यांत्रिक बोटीची नोंदणी आणि तपासणी लागते. हे कागद आधी, बोट नंतर.

पंख्याला तीन पाती असावीत की चार, हा वाद मेकॅनिकांमध्ये चालतच असतो. थोडक्यात सांगायचे तर तीन पात्यांचा पंखा टोकाच्या वेगाला बरा, चार पात्यांचा उचल आणि पकडीला. भरलेली बोट लवकर पाण्यावर चढते, कमी वेगातही चढलेली राहते. तीनवरून चारवर जाताना पीच साधारण इंचभर कमी घ्यावा लागतो. प्रवासी वाहणाऱ्याने चार पात्यांचा विचार जरूर करावा.

आता मेकॅनिक होऊ पाहणाऱ्यांसाठी थोडे. बोट हळू झाली की मालक पंखा बदला म्हणतो. आधी बाकीचे पाहावे. तळाला शेवाळ, शंख चिकटले असतील तर उत्तम पंखाही हरतो. इंजिन मागच्या फळीवर फार वर बसवले असेल तर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो. फेरे एकदम वर जातात आणि बोट पुढे जात नाही. पंख्यावरची आडवी पट्टी साधारण तळाच्या रेषेत असावी. पात्यांवर चावल्यासारखे खड्डे दिसले तर ते वेगळे प्रकरण. पात्याच्या मागे दाब इतका घटतो की पाणी न तापताच वाफ होते, आणि ते बुडबुडे फुटताना धातू खातात. वाकलेल्या किंवा खरचटलेल्या पात्यामुळेही हे सुरू होते. जोर दिल्यावर फेरे वाढतात पण ओढ येत नाही, जशी क्लच प्लेट घासलेली गाडी, तेव्हा रबरी बुश सटकत असते. खात्री करायला पंख्याच्या आतल्या नळीपासून बाहेरच्या बोंडापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी. फेरी मारून आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर बुश गेली.

दर काही दिवसांनी पंखा काढून शाफ्ट पाहावा. मासेमारीची नायलॉन दोरी तिथे गुंडाळते आणि ऑइल सील कापते. गिअरचे तेल दुधासारखे पांढरे झाले तर पाणी आत शिरले आहे. बोट त्या दिवशी बाहेर काढावी. कोकणातील ट्रॉलरवाल्यांचे पंखे आपल्या विषयात येत नाहीत. ते मोठ्या व्यासाचे, संथ फिरणारे, ओढीसाठी बनवलेले. पण त्यांना पंखा दुरुस्त करून देणाऱ्या कारागिराची किंमत नीट ठाऊक असते. पीच मोजण्याचे साधन, ठोकण्याचे साचे, वेल्डिंग आणि तोल पाहण्याची दांडी, एवढ्यावर एक माणूस वाकलेले पाते सरळ करतो, आणि गरज पडली तर पीच एक-दोन इंचांनी वर-खालीही करून देतो. टर्नर-फिटर झालेल्या मुलाला हे हुनर शिकायला फार वर्षे लागत नाहीत. भांडवलही बोटीपेक्षा कमी लागते, आणि बोट कोणाचीही बुडो वा तरो, पंखे वाकतच राहतात.

चाचणीबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात गेटवेहून एलिफंटाकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. पंधरा जीव गेले. नौदलाची बोट इंजिनाच्या चाचणीवर होती आणि इंजिनातील बिघाडाने ताबा सुटला, असे नौदलाने सांगितले. पंख्याचा तिथे संबंध होता असे कोणी म्हटलेले नाही, आम्हीही म्हणत नाही. पण नवे इंजिन किंवा नवा पंखा बसवलेली बोट म्हणजे अनोळखी जनावर. तिचे पूर्ण थ्रॉटल उघडायचे ते प्रवासी बोटींच्या वाटेपासून दूर, मोकळ्या पाण्यात. चालवणाऱ्याने लाईफ जॅकेट घालावे आणि इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली असावी. माणूस फेकला गेला की दोरी सुटते आणि इंजिन थांबते. ती दोरी काढून खिळ्याला टांगून ठेवणारे शूर पुष्कळ आहेत. प्रवासी पाण्यात उतरताना किंवा चढताना इंजिन न्यूट्रलला ठेवणे पुरेसे नाही. ते बंदच करावे.

बोट घेण्याच्या विचारात असलेल्यांनी सौदा करताना विक्रेत्याकडून एवढे लिहून घ्यावे: पूर्ण प्रवासी आणि भरलेल्या टाकीसह चाचणी होईल, फेरे इंजिनाच्या पुस्तकातील पट्ट्यात आले नाहीत तर पंखा बदलून मिळेल. जाणारा विक्रेता दोन-तीन पीचचे पंखे बरोबर घेऊन येतो आणि तिथेच बदलून दाखवतो. चाचणीचे आकडे, म्हणजे तारीख, माणसे, पीच, फेरे, दोन्ही दिशांचा वेग आणि पाण्यावर चढायला लागलेले सेकंद, एका वहीत लिहून ठेवावेत. सहा महिन्यांनी त्याच वजनावर फेरे दोनशेने उतरलेले दिसले, तर पंखा, तळ आणि इंजिन या तिघांपैकी कोणाची तरी तब्येत बिघडली आहे, हे ती वही मेकॅनिकच्या आधी सांगेल.